एका ॲपमधील दोन भाषा

(हीरक महोत्सवी वर्षातील व्याख्यान)



बंगळूर शहराच्या उत्तरेस हेब्बाळ नावाची वस्ती आहे. देवनहळ्ळीच्या विमानतळाकडे जाणारा बळ्ळारी रस्ता आणि शहराभोवतीचा बाह्य वळणरस्ता तेथे एकत्र येतात. त्यामुळे बाहेरगावच्या माणसाला हेब्बाळ आठवते ते उड्डाणपुलासाठी आणि वाहनांच्या कोंडीसाठी. याच हेब्बाळात २०१८ मध्ये खोदकाम चालू असताना एक शिलालेख पुन्हा दृष्टीस पडला. गंग राजा श्रीपुरुष याच्या कारकिर्दीतला, इसवी सन ७५० च्या सुमाराचा, कित्तय्या नावाच्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला तो दगड. त्यात या मुलखाचे नाव ‘पेर्बोळल्नाडू’ असे आहे. जुन्या कन्नडातील शब्दारंभीचा ‘प’ पुढे ‘ह’ झाला. दुधाला तेव्हा ‘पाल्’ म्हणत, आता ‘हालु’ म्हणतात. त्याच नियमाने ‘पेर्’चे ‘हेब्’ झाले. हेब्बाळचा रहिवासी रोज आपला पत्ता सांगताना साडेबाराशे वर्षांहून जुना शब्द उच्चारत असतो, आणि हे त्याच्या गावीही नसते.

मराठी माणसाचा बंगळूरशी संबंध नवा नाही. सतराव्या शतकात शहाजीराजांची जहागीर तेथे होती, आणि त्यांच्या दरबाराचे वर्णन करणारा जयराम पिंड्ये याचा ‘राधामाधवविलासचंपू’ हा ग्रंथ इतिहासाचार्य राजवाड्यांनी संपादून प्रसिद्ध केला. संस्कृत ग्रंथात निरनिराळ्या देशभाषांतील रचनांनाही जागा देणारा तो कवी होता. एका कृतीत अनेक भाषा नांदवण्याची खटपट त्या शहराला अपरिचित नाही, एवढ्यापुरताच हा उल्लेख. आजच्या व्याख्यानाचा विषय त्याच शहरातला असला तरी त्या भाषा माणसांच्या नव्हेत. त्या संगणकाला आज्ञा देण्याच्या भाषा आहेत. हेब्बाळलगतच्या नागवारा भागात मान्यता टेक पार्क आहे. थोडे उत्तरेस यलहंका आहे. ॲपल कंपनीच्या प्रमुखांनी २०१६ च्या मे महिन्यात भारतभेटीत घोषणा केलेले ॲप-विकसकांचे मार्गदर्शन केंद्र पुढच्या वर्षी तेथेच सुरू झाले. आयफोनसाठी ॲप लिहिणाऱ्या तरुणांना नवी भाषा आत्मसात करता यावी, हा त्या केंद्राच्या हेतूंपैकी एक. त्या नव्या भाषेचे नाव स्विफ्ट. तिच्याआधीच्या भाषेचे नाव ऑब्जेक्टिव्ह-सी.

आता एक प्रसंग कल्पावा. हेब्बाळच्या वळणरस्त्यालगत एका लहानशा कार्यालयात शाळेच्या बसचा ठावठिकाणा पालकांना कळवणारे ॲप तयार होते. ते २०१२ मध्ये लिहिले गेले, म्हणजे स्विफ्टचा जन्म होण्यापूर्वी. हजारो ओळी, सर्व ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये. ते चालते. सकाळी पावणेआठला थांब्यावर उभी असलेली आई त्याच्याकडे पाहूनच घरातून निघते. मग कोणी सुचवते की, पालकांना फोन न उघडता पडद्यावरच बसची वेळ दिसावी, आणि बस महिनाभरात किती वेळा उशिरा आली याचा आलेखही असावा. हे काम आयते करून देणाऱ्या लायब्ऱ्या उपलब्ध आहेत. (पुस्तकांच्या ग्रंथालयाशी या शब्दाचा संबंध नावापुरताच. इतरांनी लिहून, तपासून ठेवलेला, आपल्या ॲपमध्ये जोडता येण्याजोगा कोडचा संच म्हणजे लायब्ररी.) अडचण एवढीच की त्या स्विफ्टमध्ये आहेत. जुन्या घरात नवी भाषा बोलणारा पाहुणा यायचा आहे, आणि घरातल्या माणसांना ती भाषा येत नाही.

ही अडचण समजण्यासाठी दोन्ही भाषांचे कुळ पाहिले पाहिजे. ऑब्जेक्टिव्ह-सी ही १९८० च्या दशकाच्या आरंभी ब्रॅड कॉक्स आणि टॉम लव्ह यांनी घडवली. सी या सर्वपरिचित भाषेवर त्यांनी स्मॉलटॉक या भाषेची संदेश पाठवण्याची रीत बसवली. स्टीव्ह जॉब्स ॲपलमधून बाहेर पडल्यावर त्यांनी काढलेल्या नेक्स्ट कंपनीने ही भाषा स्वीकारली. नेक्स्टच्या प्रणालीचे नाव होते नेक्स्टस्टेप. १९९६ च्या अखेरीस ॲपलने नेक्स्ट विकत घेण्याचे जाहीर केले, आणि जॉब्स यांच्याबरोबर ही भाषाही ॲपलच्या घरात आली. २००८ मध्ये आयफोनवर बाहेरच्यांना ॲप लिहिण्याची मुभा मिळाली ती याच भाषेत. आजही त्या भाषेतील पायाभूत नावांच्या आरंभी ‘एनएस’ ही दोन अक्षरे असतात: एनएसऑब्जेक्ट, एनएसस्ट्रिंग, एनएसनंबर. ती नेक्स्टस्टेपची आद्याक्षरे आहेत. कंपनी गेली, प्रणाली गेली, पण हेब्बाळच्या नावात जसा ‘पेर्’ राहिला तशी ही दोन अक्षरे राहिली.

स्विफ्टचे काम ख्रिस लॅटनर यांनी २०१० मध्ये सुरू केले. २ जून २०१४ रोजी ती जगासमोर आली आणि डिसेंबर २०१५ मध्ये तिचा मूळ कोड सर्वांसाठी खुला झाला. ती आटोपशीर आहे, चुका लवकर पकडते, आणि नव्या विद्यार्थ्याला तिचा धाक वाटत नाही. तिच्यात चलाचे नाव देवनागरीतही लिहिता येते. ‘शाळा’ नावाच्या चलात ६० ही संख्या ठेवली तर स्विफ्ट काहीही कुरकुर करत नाही. परंतु तिच्या यशाचे श्रेय केवळ या गुणांना देणे योग्य होणार नाही. पहिल्या दिवसापासून ती जुन्या भाषेबरोबर एकाच ॲपमध्ये नांदू शकत होती. ही सोय नसती तर २०१४ मध्ये लाखो ॲपच्या मालकांपुढे सर्व कोड टाकून देणे किंवा नव्या भाषेकडे पाठ फिरवणे एवढेच पर्याय उरले असते, आणि बहुतेकांनी पाठच फिरवली असती.

मात्र नांदणे म्हणजे सर्व काही परस्परांना समजणे नव्हे. जुन्या भाषेतून नव्या भाषेकडे येणारा रस्ता रुंद आहे, उलट दिशेचा अरुंद आहे. स्विफ्टला ऑब्जेक्टिव्ह-सीमधील जवळजवळ सर्व काही दिसते. त्यासाठी ‘ब्रिजिंग हेडर’ नावाची एक फाइल असते आणि तिच्यात जुन्या कोडची ओळखपत्रे मांडून ठेवली की काम भागते. जुन्या प्रकल्पात पहिली स्विफ्ट फाइल घालताच एक्सकोड हे साधन आपण होऊन विचारते, ‘ब्रिजिंग हेडर करून देऊ का?’ नवशिके हो म्हणतात आणि समजतात की दोन्ही दिशांचा पूल बांधून झाला. तसे होत नाही. स्विफ्ट लायब्ररी ऑब्जेक्टिव्ह-सीमधून वापरायची असेल तर लागते ती दुसरीच फाइल. ती हाताने लिहायची नसते. कंपायलर ती स्वतः तयार करतो, आणि प्रकल्पाच्या किंवा लायब्ररीच्या नावापुढे ‘-स्विफ्ट.एच’ असे तिचे नाव असते. फायलींच्या यादीत ती सहसा दिसत नाही, त्यामुळे ती शोधण्यातच कित्येकांचा पहिला दिवस जातो. जुन्या कोडने तिचे नाव घेऊन तिला बोलवावे लागते, आणि तेही अंमलबजावणीच्या ‘.एम’ फाइलमध्ये. घोषणेच्या ‘.एच’ फाइलमध्ये बोलावले तर दोन्ही बाजू एकमेकींची वाट पाहत अडकून बसू शकतात, कारण स्विफ्टला जुन्या घोषणा हव्या असतात आणि जुन्या घोषणेला स्विफ्टची फाइल हवी असते. घोषणेत नुसते ‘या नावाचा वर्ग आहे’ एवढेच सांगावे आणि तपशील आत पाहावा, असा शिरस्ता त्यामुळेच पडला आहे.

त्या आपोआप तयार झालेल्या फाइलमध्ये काय उतरते, हा या विषयाचा गाभा. स्विफ्टमधील जे काही जुन्या भाषेला समजण्यासारखे आहे आणि ज्यावर तशी खूण केलेली आहे, तेवढेच उतरते. वर्ग एनएसऑब्जेक्टच्या वंशातला असावा लागतो. त्यातील पद्धती सार्वजनिक असाव्या लागतात आणि त्यांच्यावर ‘ॲट-ऑब्ज-सी’ ही खूण असावी लागते. पूर्वी या खुणेबाबत कंपायलर सढळ होता. एनएसऑब्जेक्टच्या वंशातील वर्गाच्या पद्धती न सांगताच पलीकडे दिसत. २०१७ मध्ये स्विफ्टच्या चौथ्या आवृत्तीपासून हा सढळपणा आवरला गेला आणि खूण स्पष्टपणे करणे आवश्यक झाले. कारण योग्यच होते, न लागणारे ओझे ॲपमध्ये साचत होते. पण काल दिसणारी पद्धत आज का दिसत नाही, या कोड्याने त्या काळी अनेकांच्या रात्री घेतल्या. आणि स्विफ्टच्या ज्या गोष्टींचा तिला खरा अभिमान, त्या तर उंबरठा ओलांडतच नाहीत. तिचे ‘स्ट्रक्ट’ नावाचे हलके साचे, कोणत्याही प्रकारच्या माहितीला लागू पडणारी जेनेरिक रचना, पोटात माहिती बाळगणारे पर्याय, अनेक मूल्यांच्या जुड्या, कोणत्याही वर्गात नसलेली मोकळी फलने, हे सारे जुन्या भाषेला दिसतच नाही. जुन्या भाषेतील वर्ग स्विफ्टमधील वर्गाचा वारस होऊ शकत नाही.

म्हणून लायब्ररी लिहिणाऱ्याचा निर्णय महत्त्वाचा ठरतो. इंटरनेटवरून माहिती आणण्यासाठी ऑब्जेक्टिव्ह-सीच्या काळात एएफनेटवर्किंग ही लायब्ररी सर्वत्र वापरली जाई. स्विफ्ट आल्यावर तिच्या निर्मात्याने त्याच कामासाठी अलामोफायर ही नवी लायब्ररी लिहिली, स्विफ्टच्या सर्व सामर्थ्याचा उपयोग करणारी, आणि म्हणूनच जुन्या भाषेतून थेट वापरता न येणारी. जुनी लायब्ररी काही वर्षे सोबत चालली आणि २०२३ च्या आरंभी कुलूपबंद झाली. आलेख काढणाऱ्या चार्ट्स या लायब्ररीने वेगळा मार्ग धरला. तीही स्विफ्टमध्येच आहे, पण तिच्या लेखकांनी वर्गावर्गावर ती खूण करण्याचे कष्ट घेतले, आणि त्यामुळे ऑब्जेक्टिव्ह-सीच्या असंख्य प्रकल्पांना ती वापरता आली. पहिल्या निर्णयाला चूक म्हणता येत नाही. पण जुनी भाषा बोलणाऱ्यासाठी दार उघडे ठेवण्याला श्रम पडतात आणि ते श्रम कोणीतरी स्वखुशीने घेतलेले असतात, हे चार्ट्स वापरणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. खुद्द ॲपलनेही पुढे पहिलाच मार्ग धरला. २०१९ मध्ये आलेले स्विफ्टयूआय आणि त्याच्या आधाराने २०२० पासून फोनच्या मुख्य पडद्यावर मांडता येणारे विजेट हे स्विफ्टशिवाय लिहिताच येत नाहीत. आपल्या काल्पनिक बस-ॲपला वेळ दाखवणारी चौकट हवी असेल, तर स्विफ्टला घरात घेण्यावाचून गत्यंतर नाही.

लायब्ररीने दार ठेवले नसेल तर ते आपल्या बाजूने बसवावे लागते. आपल्याच प्रकल्पात एक लहान स्विफ्ट वर्ग लिहायचा, एनएसऑब्जेक्टच्या वंशातला, खूण केलेला. तो एका बाजूने लायब्ररीशी तिच्या पूर्ण ऐटीत बोलतो आणि दुसऱ्या बाजूने जुन्या कोडला समजेल अशा साध्या शब्दांत उत्तर देतो. अशा वर्गाला विकसक ‘रॅपर’ म्हणतात. मराठीत दुभाषी म्हणावे. लायब्ररीतील प्रत्येक गोष्ट या दुभाष्याने पलीकडे नेण्याची गरज नसते. जुन्या कोडला चार गोष्टी विचारायच्या असतील तर चारच पद्धती पुरतात. हे रूपांतर होताना नावेही बदलतात. स्विफ्टमधील ‘नोंदवा’ या पद्धतीला नाव आणि इयत्ता असे दोन घटक असले, तर जुन्या बाजूला तिचे नाव ‘विथ’ हा शब्द मध्ये घालून एकसंध लांब होते. चूक फेकणारी स्विफ्ट पद्धत पलीकडे चुकीसाठी शेवटी एक जास्तीचा रकाना घेऊन उभी राहते. न थांबता उत्तराची वाट पाहणारी नवी पद्धत, जी २०२१ पासून स्विफ्टमध्ये आली, ती पलीकडे ‘काम झाले की मला हाक मार’ अशा जुन्या वळणाने प्रकट होते. हे सारे कंपायलर बिनबोभाट करतो. दुभाष्याची खरी परीक्षा होते ती अर्थाच्या बाबतीत.

पहिला अर्थ आहे ‘नाही’ याचा. वर्गात हजेरी घेताना गैरहजर मुलाचे नाव पुकारले तर उत्तर येत नाही आणि शिक्षक पुढच्या नावाकडे वळतात. ऑब्जेक्टिव्ह-सीची रीत अशी आहे. नसलेल्या वस्तूला संदेश पाठवला तर काहीच घडत नाही, आणि संख्या विचारली असेल तर उत्तर शून्य येते. स्विफ्टला हे मान्य नाही. एखादी गोष्ट नसण्याची शक्यता असेल तर तिच्या प्रकारापुढे प्रश्नचिन्ह हवे, आणि वापरण्यापूर्वी ती आहे की नाही हे तपासलेच पाहिजे, असा तिचा दंडक. आता बस किती मिनिटांत येईल, हे सांगणारी स्विफ्ट पद्धत घ्या. वाहनाचा संपर्क तुटला असेल तर तिचे प्रामाणिक उत्तर ‘माहीत नाही’ असे असते. परंतु प्रश्नचिन्ह असलेली साधी पूर्णांक संख्या ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये जाऊच शकत नाही. कंपायलर ठामपणे अडवतो. संध्याकाळी घरी जाण्याची घाई असलेला विकसक काय करील? ‘माहीत नाही’च्या जागी शून्य घालील. कंपायलर गप्प होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर उमटेल, ‘बस ० मिनिटांत येत आहे’. आई मुलाला ओढत थांब्यावर धावेल आणि हेब्बाळच्या कोंडीत कोठेतरी संपर्काबाहेर उभी असलेली बस अर्ध्या तासाने येईल. हीच गोष्ट अक्षांश-रेखांशाची. दोन्ही शून्य केले तर बस आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात तरंगताना दिसते. ती चूक निदान हसू आणते आणि लवकर पकडली जाते. शून्य मिनिटांची चूक खरी वाटते, म्हणून ती अधिक वाईट. यावर उपाय साधा आहे. संख्येऐवजी एनएसनंबर ही वस्तू पाठवावी. वस्तू नसू शकते, आणि नसलेपण तसेच्या तसे पलीकडे पोचते. जुन्या कोडने मात्र ती आहे का, हे विचारले पाहिजे, आणि विचारण्याची त्याला सवय नाही.

ज्यांच्या घरी मोडीतील जुनी कागदपत्रे आहेत त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. मोडी लिहिणारे सामान्यतः ह्रस्वदीर्घाचा भेद पाळत नसत. लेखणी न उचलता भरभर लिहिण्याच्या त्या लिपीत त्याची आवश्यकता भासत नसे, वाचणाऱ्याला संदर्भ ठाऊक असे. बाळबोधीत लिप्यंतर करताना मात्र प्रत्येक इकार-उकार ऱ्हस्व की दीर्घ हे ठरवावेच लागते, आणि ते ठरवायला अक्षरओळख पुरत नाही, भाषा यावी लागते. उलट दिशेने बाळबोधीतून मोडीत गेले तर असलेला भेद गळून पडतो. ऑब्जेक्टिव्ह-सीने २०१५ मध्ये ‘ही वस्तू नसू शकते’ आणि ‘ही असणारच’ अशा खुणा जुन्या घोषणांवर करण्याची सोय दिली, ती याच कारणासाठी. त्या खुणा नसतील तर स्विफ्ट अंदाजावर चालते. खुणा असूनही जुन्या बाजूने ‘असणारच’च्या जागी काहीच पाठवले नाही, तर कंपायलर फार तर इशारा देतो, अडवत नाही. पुढे काय होईल याची हमी कोणाकडेच राहत नाही. जुन्या घोषणांवर बसून, एकेक ओळ वाचून, या खुणा करणे हे अत्यंत कंटाळवाणे काम आहे, आणि ते करण्यास सर्वांत लायक माणूस म्हणजे ज्याने तो कोड बारा वर्षांपूर्वी लिहिला तो. कोणती वस्तू कधी नसते, हे त्यालाच ठाऊक असते. अशा माणसाला ‘जुन्या भाषेचा’ म्हणून बाजूला बसवणारे कार्यालय स्वतःचेच नुकसान करून घेते.

दुसरा अर्थ अक्षराचा, आणि येथे मराठी शाळेला विशेष आस्था असायला हवी. ‘कावेरी’ या नावात अक्षरे किती? पहिलीतील मूल सांगेल, तीन. ऑब्जेक्टिव्ह-सी सांगते, सहा: क, काना, व, मात्रा, र, वेलांटी. तिच्या दृष्टीने काना-मात्रा-वेलांटी ही स्वतंत्र एकके. हेच नाव कन्नड लिपीत लिहिले तरी सहाच. स्विफ्ट मात्र मुलासारखी मोजते, तीन. (जोडाक्षरांबाबत मोजणीचे नियम काळानुसार बदलत आले आहेत, त्या तपशिलात येथे शिरण्याचे कारण नाही.) दोन्ही भाषा एकच शब्द एकमेकींना बिनचूक देतात, मजकुरात काहीही बिघडत नाही. बिघडते ते मोजमाप. नावाच्या रकान्यात पाचांचीच मर्यादा असेल तर जुना कोड ‘कावेरी’चे ‘कावेर’ करून ठेवतो. आणि आता दोन्ही भाषांमधला व्यवहार पाहा. ‘कावेरी शाळेत पोचली’ हा संदेश आहे, आणि नाव ठळक दाखवायचे आहे. जुना कोड म्हणतो, नाव पहिल्या सहा जागांत आहे. नव्या कोडने ते सहा स्वतःच्या मोजणीने घेतले तर ठळक होते ‘कावेरी शाळे’, कारण तिच्या हिशेबात का, वे, री, मोकळी जागा, शा, ळे अशी सहा होतात. इंग्रजी नावांवर चाचणी घेतली तर ही चूक कधीच दिसत नाही, कारण तेथे दोन्ही मोजण्या बहुधा जुळतात. जुन्या मापाचे नव्या मापात रूपांतर करण्याची रीतसर सोय स्विफ्टमध्ये आहे. ती वापरली पाहिजे, एवढे लक्षात येण्यासाठी देवनागरी वाचणारा माणूस त्या खोलीत असावा लागतो.

पालकांच्या मनात एक प्रश्न नेहमी असतो की, मराठी माध्यमात शिकलेले मूल अशा क्षेत्रात मागे पडेल का. इंग्रजी उत्तम यायला हवे, याबद्दल दुमत नाही. तिची हयगय करून कोणाचे भले झालेले नाही. परंतु वर वर्णिलेले दुभाष्याचे काम, म्हणजे एका भाषेतले नेमके काय दुसरीत जात नाही हे ओळखून त्याची सोय लावणे, हे ज्या मुलाने विज्ञानाचा धडा मराठीत समजून घेऊन पुढे तोच विषय इंग्रजीत लिहिला, त्याने लहानपणीच केलेले असते.

राहिला एक व्यावहारिक भाग. स्विफ्टमध्ये लिहिलेले काहीही चालण्यासाठी तिच्या स्वतःच्या मूळ लायब्ऱ्या फोनमध्ये असाव्या लागतात. आरंभीची पाच वर्षे त्या फोनच्या प्रणालीत नसत. स्विफ्ट दरवर्षी इतकी बदलत होती की प्रत्येक ॲपला आपापल्या आवृत्तीची शिदोरी सोबत बांधून न्यावी लागे. पूर्णतः ऑब्जेक्टिव्ह-सीमधील प्रकल्पाला या शिदोरीची कल्पनाच नसे. स्विफ्ट लायब्ररी जोडली, सर्व काही सुरळीत जुळले, आणि ॲप उघडताक्षणी बंद पडले, असा अनुभव त्या काळात सर्रास येई. प्रकल्पाच्या मांडणीत ‘स्विफ्टच्या मूळ लायब्ऱ्या नेहमी सोबत घ्या’ हा पर्याय चालू केला की ते थांबे. मार्च २०१९ मध्ये स्विफ्टची पाचवी आवृत्ती आणि आयओएस १२.२ आल्यावर त्या लायब्ऱ्या प्रणालीतच स्थिरावल्या. जुन्या फोनलाही आधार देणाऱ्या प्रकल्पांना तो पर्याय त्यानंतरही पाहावा लागे.

हे सर्व ऐकून एखादा तरुण म्हणेल, एवढी यातायात करण्यापेक्षा सगळे ॲप स्विफ्टमध्ये पुन्हा का लिहू नये? उत्साह चांगला आहे, आणि लहान ॲपच्या बाबतीत सल्लाही बरा आहे. पण बारा वर्षे चाललेल्या कोडमध्ये अशा कित्येक ओळी असतात ज्यांचे कारण कोठेही लिहिलेले नसते. एखाद्या पावसाळ्यात हेब्बाळ तलावाकडचा रस्ता तुंबला होता, तेव्हा बस उलट्या मार्गाने आली आणि ॲपने तिला हरवलेली ठरवले, म्हणून घातलेली ती ओळ असू शकते. नव्याने लिहिताना ती गळते आणि पुढच्या पावसाळ्यात तीच तक्रार पुन्हा येते. हेब्बाळचा उड्डाणपूल अपुरा पडू लागला तेव्हा तो पाडला गेला नाही. चालू रहदारीच्या शेजारी नवे मार्ग उभारून ते जुन्याला जोडण्यात आले, आणि त्या काळात लोकांनी पुष्कळ त्रास सोसला, हेही खरे. आपल्या बस-ॲपमध्ये नवे पडदे स्विफ्टमध्ये लिहावेत, जुन्या फाइलला हात लावण्याची वेळ येईल तेव्हा तेवढी फाइल बदलावी, आणि दुभाषी वर्ग लहान ठेवावा. तो फुगत चालला तर समजावे की कामाची वाटणी चुकली आहे.

आणि चाचणी. दुभाषी वर्ग तयार झाला की त्याच्यातून जाऊ द्यायच्या नावांची यादी करावी लागते. तीत काना, मात्रा, वेलांटी असलेली नावे हवीत, ‘मीनाक्षी’ आणि ‘ज्ञानेश्वरी’ यांसारखी जोडाक्षरांची हवीत, कन्नड आणि उर्दू लिपीत लिहिलेली हवीत, वडिलांच्या नावासकट लांबलचक हवीत, आणि एक जागा मुद्दाम रिकामी हवी. अशी यादी कोणत्याही लायब्ररीत तयार मिळत नाही. कोणत्याही शाळेच्या हजेरीपटात मात्र ती असते.